बिंदू काढला की चित्र आध्यात्मिक होतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमूर्त चित्रकला आणि अध्यात्म या विषयावर लेख आला आणि त्यावर वाचकांची पत्रंही छापून आली. एका वाचकाचं म्हणणं असं की वर्तुळं आणि त्रिकोण काढून त्यांना ‘शिवशक्ती’ असं नाव देणं म्हणजे लोकांच्या श्रद्धेचा फायदा उठवणं. दुसऱ्या वाचकांनी लिहिलं आहे की धर्मचिन्हांचा मान राखायचा असेल तर ती आहेत तशीच काढावीत, चित्रकाराने त्यांची मोडतोड करू नये. दोन्ही पत्रं कळकळीने लिहिलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर उत्तर लिहिते आहे. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, निवृत्तीनंतरही रोज रंगवते आणि माझी स्वतःची चित्रं अमूर्तच आहेत. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिल्या पत्रातली तक्रार मला बरीचशी मान्य आहे. नारिंगी-लाल रंगाचे मोठे फटकारे, वर सोनेरी अ‍ॅक्रेलिकचे शिंतोडे आणि बरोबर मध्यभागी ॐ किंवा स्वस्तिक, अशी चित्रं प्रदर्शनांतून सतत दिसतात. त्यातलं चिन्ह आणि त्यामागचा रंग यांचं एकमेकांशी काहीच नातं नसतं. ॐ पुसून तिथे एखाद्या कंपनीचं बोधचिन्ह ठेवलं तरी मागच्या रंगाला त्याचा पत्ता लागणार नाही. मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगत असे: चिन्ह मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवा आणि उरलेलं चित्र ढासळतं का ते बघा. ढासळत नसेल तर चिन्ह वरून चिकटवलेलं आहे. अशा चिन्हाचा अर्थ क्षणात कळतो, आणि कळला की डोळा पुढे सरकतो.

पण म्हणून सगळीच अमूर्त चित्रं त्या एका टोपलीत टाकायची का? रशियन चित्रकार वासिली कान्डिन्स्कीने कलेतल्या आध्यात्मिकतेवर १९११ च्या अखेरीस पुस्तक प्रसिद्ध केलं, ते सर्वांना माहीत असतं. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याच्या १९१३ मधल्या ‘कॉम्पोझिशन सहा’ या चित्राची हकीकत, कारण ती त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. विषय होता बायबलमधला जलप्रलय. आधी त्याने काचेवर एक छोटं चित्र केलं. त्यात नौका होती, प्राणी होते, माणसं, ताडाची झाडं, वीज, पाऊस, सगळं होतं. मोठ्या कॅन्व्हाससाठी मात्र तो सुमारे दीड वर्ष अडून राहिला. पुराचं दिसणं हातातून सुटत नव्हतं आणि त्याला तर पुराचा आतला सूर हवा होता. शेवटी चित्र झालं ते तीन मीटर रुंदीचं. त्याच्या गाभ्याशी गुलाबी आणि पांढरा रंग असे उसळतात की ते कॅन्व्हासच्या पृष्ठभागावर आहेत असं वाटत नाही. वाफेत तरंगत असावेत तसे दिसतात, असं कान्डिन्स्कीनेच लिहिलं आहे. हे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पुरात सापडलेल्या माणसाच्या पायाला जमीन लागत नाही, आणि हे चित्र पाहताना डोळ्याला जमीन लागत नाही. नौका ओळखून काढायची गरजच उरत नाही. धार्मिक कथा चित्रात उतरते ती ही अशी. चित्रकाराने कथा टाकून दिलेली नाही. तिचं वजन रंग, रेषा आणि अवकाश यांच्यावर सोपवलं आहे.

वर्गातली एक गोष्ट सांगते. एका विद्यार्थिनीने क्रूस रंगवायला घेतला होता. मध्यभागी तपकिरी क्रूस, मागे निळं आकाश, खाली टेकडी. तिची श्रद्धा खरी होती, चित्र मात्र भेटकार्डासारखं झालं होतं. मी तिला विचारलं, या क्रूसातलं तुला सर्वांत जास्त काय जाणवतं? ती म्हणाली, त्याचं ओझं. तो खांद्यावरून वाहून न्यावा लागला होता. मग आम्ही टेकडी काढून टाकली, आकाश काढून टाकलं आणि फक्त ओझ्यावर काम केलं. तिने आडवी पट्टी कॅन्व्हासच्या दोन्ही कडांपर्यंत ताणली आणि थरावर थर देऊन इतकी जाड केली की तिची खालची कड मध्यावर किंचित झुकली. उभी पट्टी मात्र बारीक करत करत कोळशाची एकच रेषा ठेवली, तीही मध्येमध्ये पुसट. आता एवढा भार त्या एका रेषेवर आला. काही जणांना त्यात क्रूस दिसला, काहींना नाही दिसला, पण ती रेषा कोणत्याही क्षणी मोडेल असं वाटून त्यांतले बरेच जण चित्रासमोर थांबले. वर सांगितलेल्या कसोटीला हे चित्र उतरतं, कारण रेषा पुसली तर मागे काही उरत नाही.

त्या मुलीने अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनची चित्रं तोवर पाहिलेली नव्हती. न्यूमनने १९५८ ते १९६६ या काळात क्रूसाच्या वाटेवरच्या चौदा स्थानकांची, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीतल्या चौदा प्रसंगांची, चौदा चित्रं केली. न्यूमन ज्यू होता. चित्रांत ना माणूस, ना क्रूस, ना रक्ताचा थेंब. फक्त काळा रंग, पांढरा रंग आणि बिनरंगवलेला कोरा कॅन्व्हास. उभ्या पट्ट्यांच्या कडा कुठे सुरीने कापल्यासारख्या आहेत, तर कुठे पिसासारख्या विसकटलेल्या. क्रूसावरच्या येशूची हाक, ‘तू माझा त्याग का केलास?’, ही त्याने चौदाही चित्रांसाठी एकच धरली. पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत चालत जाताना कथा पुढे सरकत नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ही चित्रं प्रथम लागली तेव्हा समीक्षकांनी त्यांच्यावर बरीच झोड उठवली होती. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

आता दुसऱ्या पत्राकडे वळते. चिन्हं आहेत तशी काढावीत, हे म्हणणं ऐकायला रास्त वाटतं. पण आपली कितीतरी चिन्हं मुळातच अमूर्त आहेत. शिवलिंग हे कोणाच्या चेहऱ्याचं चित्र नाही. ज्ञानेश्वरांनी गणेशाला वंदन करताना अकार हे त्याचे पाय, उकार हे पोट आणि मकार हे मस्तक मानलं. म्हणजे सोंड, दात, उंदीर ज्याच्याशी जोडलेले त्या देवाला त्यांनी नादाच्या आकारात पाहिलं. श्रीयंत्रात तर एकही मूर्ती नाही. पाच खाली टोक असलेले आणि चार वर टोक असलेले असे नऊ त्रिकोण एकमेकांत गुंतून त्रेचाळीस लहान त्रिकोण तयार होतात, भोवती आठ आणि सोळा पाकळ्यांची कमळं, बाहेर चार दारांचा चौकोन आणि सगळ्यांच्या आत बिंदू.

हे यंत्र मी विद्यार्थ्यांकडून पट्टी आणि कंपासने काढून घेत असे. ज्यांनी ते कधी काढलेलं नाही त्यांना ही गंमत नुसती पाहून कळणार नाही. अनेक ठिकाणी तीन रेषा एकाच बिंदूत मिळाव्या लागतात. एक रेषा केसभर सरकली की तिथे नको असलेला एक चिमुकला त्रिकोण उगवतो. तो मिटवायला जावं तर दुसरीकडे फट पडते. दिवसभर मान मोडून बसल्यावर मुलं गप्प झालेली असायची. त्या आकृतीतून जे अवधान मागितलं जातं ते सोडून फक्त तिची बाह्यरेषा उचलायची आणि सोनेरी रंगात कॅन्व्हासवर ठोकायची, यात चिन्ह ‘जसंच्या तसं’ राहतं खरं, पण त्याचा मान राहत नाही. आकार जराही न बदलता चिन्ह पोकळ करता येतं. उलट एखादा चित्रकार त्याचा आकार पार बदलूनही त्याच्या जवळ पोहोचतो.

चित्रकार सय्यद हैदर रझांचा बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांतलं काळं वर्तुळ, हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण, आणि ‘हे कुणीही काढेल’ हे वाक्यही सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येतं. लहानपणी शाळेत लक्ष लागत नाही म्हणून गुरुजींनी त्यांना भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत बसायला सांगितलं, ही आठवण ते नेहमी सांगत. ती गोड असल्यामुळे तीच पुन्हा पुन्हा छापली जाते. पण त्या ठिपक्यापासून चित्रातल्या बिंदूपर्यंतचं अंतर फार मोठं आहे. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले, अनेक वर्षं निसर्गचित्रं करत राहिले, जाड रंगाने, मग सैल आणि वेगवान फटकाऱ्यांनी. बिंदू त्यांच्या चित्रांत ठाण मांडून बसला तो १९८० च्या आसपास, वयाच्या साठीजवळ. त्या काळ्या वर्तुळामागे तीस वर्षांचं रंगकाम आहे. चांगल्या बिंदूचित्रात काळा रंग भोक पाडल्यासारखा मेलेला दिसत नाही. भोवतालचे राखाडी, तपकिरी, लाल रंग त्याच्याकडे ओढले जातात आणि तोच त्यांना बाहेर ढकलतोही. त्यांच्या अखेरच्या काळातली काही बिंदूचित्रं मला स्वतःला भिडत नाहीत. तिथे बिंदू सवयीने आल्यासारखा वाटतो. रझांचं नाव मोठं आहे म्हणून हे बोलायचं नाही, असं मी मानत नाही.

हे पटत नसेल त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. मोठ्या कोऱ्या कागदावर काळ्या कागदाचं एकच वर्तुळ ठेवा. बरोबर मध्ये ठेवलं की ते स्थिर होतं आणि थोड्या वेळाने कंटाळवाणं वाटतं. दोन बोटं वर सरकवलं की ते अधांतरी तरंगू लागतं. खाली आणलं की बसतं, अजून खाली आणलं की पडतं. कडेजवळ नेलं की कागदाबाहेर निघाल्यासारखं दिसतं. कड धारदार ठेवली तर ते पुढे येतं, पुसट केली तर मागे जातं. एक वर्तुळ आणि एक कागद, आणि एवढ्यात किती शक्यता! यात अजून रंग आलेलाच नाही. हा प्रयोग केलेला माणूस बिंदूसमोर निदान पाच मिनिटं थांबतो.

आणि मग चित्रकार वासुदेव गायतोंडे. त्यांच्याकडे आलं की माझी कसोटीच बाजूला ठेवावी लागते, कारण उचलून बाजूला ठेवायला चित्रात चिन्हच नाही. गायतोंडे झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या विचाराकडे ओढले गेलेले, वर्षाला मोजकीच चित्रं करणारे. रोलरने रंगाचे थर द्यायचे, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या सुरीने, खरवडायचे, पुन्हा पातळ थर द्यायचा. काही चित्रांत लिपीसारखे आकार तरंगताना दिसतात, पण ती लिपी वाचता येत नाही. जवळून पाहिलं की खालचे थर वरच्या थरातून उजेडासारखे येताना दिसतात. दोन पावलं मागे गेलं की तोच उजेड सगळ्या कॅन्व्हासभर पसरतो. भारतीय चित्रकलेत प्रार्थनेच्या सर्वांत जवळ गेलेली चित्रं कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी गायतोंडेंची चित्रं दाखवीन. त्यांत कोणत्याही धर्माची एकही खूण नाही.

हिल्मा आफ क्लिंट ही स्वीडिश चित्रकार याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिने १९०६ ते १९१५ या काळात एका कल्पित मंदिरासाठी १९३ चित्रं केली आणि आपली स्वतःची चिन्हभाषाच रचली: निळा स्त्रीतत्त्वाचा, पिवळा पुरुषतत्त्वाचा, शिवाय शंखावर्त, अक्षरं, फुलं. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही चित्रं दाखवू नयेत अशी तिची इच्छा होती. ती १९४४ मध्ये गेली आणि १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात तिची चित्रं प्रथम जगापुढे आली. तिची जी चित्रं फक्त तिच्या वह्यांच्या आधाराने उलगडतात ती मला कोरडी वाटतात. पण १९०७ मधली तिची दहा प्रचंड चित्रं, तीन मीटरहून उंच, माणसाच्या बालपणापासून वार्धक्यापर्यंतची, ती वह्या न उघडताही पोहोचतात. केशरी आणि निळ्याचं ते विस्तीर्ण रूप समोर आलं की चिन्हांचा कोश लागत नाही.

चित्रकाराचा धर्म कोणता, हा प्रश्न दुसऱ्या पत्रात थेट विचारलेला नाही, पण ओळींच्या मधून डोकावतो. रझा जन्माने मुसलमान. चित्रकार गुलाम रसूल संतोष काश्मीरचे. त्यांनी पत्नीचं संतोष हे नाव आपल्या नावाला जोडलं आणि १९६४ मध्ये अमरनाथच्या गुहेत आलेल्या अनुभवानंतर काश्मीर शैव विचाराच्या आधाराने शिवशक्तीची चित्रं आयुष्यभर केली. अमेरिकन चित्रकार मार्क रोथको ज्यू कुटुंबातला. त्याला ह्यूस्टनमधल्या प्रार्थनागृहाचं काम दिलं ते एका कॅथलिक दांपत्याने. चिन्ह कोणाच्या मालकीचं आहे हे विचारण्यापेक्षा ते हाताळणाऱ्याने त्याच्यासाठी किती झिजायची तयारी ठेवली हे मी विचारीन.

अर्थात श्रद्धावंताला एखादं चित्र खटकलं तर त्याचं खटकणं मी खोटं मानत नाही. चित्रकार काझिमिर मालेविचने १९१५ च्या डिसेंबरमध्ये पेट्रोग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, प्रदर्शनात आपला रंगवलेला काळा चौकोन दालनाच्या वरच्या कोपऱ्यात टांगला. रशियन घरांत त्या कोपऱ्यात पवित्र प्रतिमा लावतात. अलेक्झांडर बेन्वा या समीक्षकाने तेव्हाच त्यावर कडाडून टीका केली, आणि त्याला जे दिसलं ते बरोबर होतं: मालेविच पवित्र प्रतिमेची जागाच मागत होता. मला तो चौकोन थोर वाटतो आणि बेन्वाचा संतापही प्रामाणिक वाटतो. पवित्र जागेत हात घालणाऱ्या चित्रकाराने हा संताप ऐकून घेण्याचं धैर्य ठेवावं. ‘तुम्हाला कला कळत नाही’ एवढं म्हणून पाठ फिरवू नये.

रोथकोच्या प्रार्थनागृहात, जे १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने खुलं झालं, आठ भिंती आहेत आणि चौदा चित्रं. सात चित्रांत गडद तांबूस पार्श्वभूमीवर काळे आयत, सात चित्रं जांभळ्या छटांची. तिथे कोणत्याही धर्माच्या माणसाला बसता येतं, बाकं ठेवलेली आहेत, आणि उजेड वरून येतो. ढग आला की काळ्यातला जांभळा मावळतो, ऊन आलं की परत येतो. ही चित्रं छायाचित्रात नुसते काळे ठोकळे दिसतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी अमूर्त चित्रं फक्त वर्तमानपत्राच्या कागदावर पाहिलेली असतात, तळहाताएवढी, शाईत बुडालेली. त्यावरून त्यांनी ‘यात काय आहे’ असं विचारलं तर दोष त्यांचा नाही.

म्हणून आपल्याला काही विनंत्या आहेत. अमूर्त चित्र छापताना त्याखाली ‘आध्यात्मिक अनुभूती देणारं चित्र’ असं लिहू नका. ते ठरवायचा हक्क पाहणाऱ्याला राहू द्या. त्याऐवजी चित्राचं माप, माध्यम आणि वर्ष द्या. तीन मीटरचं चित्र आणि तीस सेंटिमीटरचं चित्र आज आपल्या पानावर एकाच आकाराचं दिसतं. चित्र कापून मजकुरात बसवू नका, कारण अमूर्त चित्रात कड हासुद्धा चित्राचाच भाग असतो आणि बिंदूचं सगळं गणित त्या कडेपासूनच्या अंतरावर उभं असतं. समीक्षकांना सांगा की चित्रकाराच्या गुरुंबद्दल आणि साधनेबद्दल चार ओळी कमी लिहा, पण कॅन्व्हासवर कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी आहे आणि तिथे काय घडतं ते लिहा. आणि जमलं तर संपूर्ण चित्राशेजारी त्याचा एक छोटा तुकडा मूळ मापात छापा, म्हणजे निदान रंगाचे थर आणि खरवडल्याच्या खुणा वाचकांपर्यंत पोहोचतील.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका